आधी थर्मामीटर, मग काढा

वाचकाचं पत्र

सिस्टर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. वय ५४. गेल्या दिवाळीच्या सुमारास उजव्या स्तनात गाठ सापडली. मुंबईत ऑपरेशन झालं. लाल रंगाच्या औषधाच्या चार केमो आणि मग दर आठवड्याला एक अशा बारा, एकूण सोळा झाल्या. शेवटची मे महिन्यात. जुलैअखेर रेडिएशनच्या पंधरा बैठकाही संपल्या. आता फक्त हार्मोनची गोळी चालू आहे.

गेल्या आठवड्यात सहा वर्षांच्या नातवाला शाळेतून सर्दी लागली आणि दोन दिवसांत मला. नाक गळतंय, घसा दुखतोय, खोकला आहे. ताप आहे असं वाटत नाही, पण मधूनच अंग तापतं. सासूबाई दिवसातून चार वेळा गुळवेलीचा काढा देतात. मिस्टर म्हणतात डॉक्टरांना फोन करू. मला वाटतं, एवढ्याशा सर्दीसाठी कॅन्सरच्या डॉक्टरांना कसं छळायचं? सून घाबरून नातवाला माहेरी घेऊन गेली आहे. तो फोनवर विचारतो, ‘आजी, माझ्यामुळे तू आजारी पडलीस का?’

सोळा केमो झाल्या, केस गेले, तेव्हा मी रडले नाही. काल रात्री नाक चोंदलं म्हणून उठून बसले आणि अर्धा तास रडत होते. गौरी तीन आठवड्यांवर आल्या आहेत. घरात माणसं येऊ द्यावीत का? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत हजर व्हायचं आहे, चाळीस मुलांच्या वर्गात. मी काय करू?

उत्तर

बाई,

पुढचं वाचण्याआधी उठा आणि घरातला थर्मामीटर शोधा. ‘ताप आहे असं वाटत नाही’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. वाटण्यावर जाऊ नका. तुमच्या हार्मोनच्या गोळीने अंगातून वाफा आल्यासारखं होतं, मान आणि छाती तापते, रात्री घामाने गाऊन भिजतो, आणि थर्मामीटर मात्र ९८ दाखवतो. उलटंही होतं. कपाळ गार लागतं आणि आत १०१ ताप असतो. तुमच्या मिस्टरांच्या तळहाताला यातलं काही कळणार नाही, सासूबाईंच्याही नाही. चहा किंवा काढा घेतला असेल तर अर्धा तास थांबा आणि जिभेखाली ठेवून मोजा. काखेत मोजलात तर आकडा अर्ध्या ते एक डिग्रीने कमी येतो, हे ध्यानात ठेवा. सकाळी, दुपारी, झोपताना आणि मधे कधी अंग तापलं तर तेव्हाही मोजा. आकडा आणि वेळ वहीत लिहा. तुम्ही मास्तरीण आहात, हजेरी घेणं तुम्हाला शिकवायला नको.

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याच्यावर आकडा गेला की डॉक्टरांना फोन करायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी करायचा. थंडी भरून दात वाजायला लागले तर आकड्याचीही वाट बघायची नाही.

हे मी इतक्या हट्टाने का सांगते, तर त्याला एक माणूस कारण आहे. मी सव्वीस वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात आणि डे-केअरमध्ये, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांच्या विभागात, परिचारिका होते. सोलापूरकडचा एक शेतकरी आमच्याकडे केमोला यायचा. शांत, सोशिक, सुई टोचताना तोंड न फिरवणारा. तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी त्याला शिंका सुरू झाल्या, अंग दुखायला लागलं. बायकोने मेडिकलमधून सर्दी-तापाच्या गोळ्या आणल्या. गोळी घेतली की घाम फुटून अंग गार पडायचं, सहा तासांनी पुन्हा तापायचं, पुन्हा गोळी. असे तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्याला जीपमध्ये आडवं घालून आणलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. आठ दिवस अतिदक्षता विभागात काढून तो बरा होऊन घरी गेला. त्याची बायको पायरीवर बसून मला म्हणाली, ‘सिस्टर, एवढ्याशा सर्दीसाठी डॉक्टरांना कशाला तरास द्यायचा, असं वाटलं.’ तुमच्या पत्रातलं वाक्य आणि तिचं वाक्य जवळजवळ एकच आहे.

त्याला झालं होतं ते असं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे जंतू दिसला की धावून जाणारी पहिली फळी. आमच्या भाषेत ‘काउंट पडला’ म्हणतात तो यांचाच. निरोगी माणसात तो दीड-दोन हजारांच्या वर असतो. हजाराच्या खाली गेला की काळजी, पाचशेच्या खाली गेला की मोठी काळजी. अशा वेळी पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू करायलाही पेशी लागतात. शरीर एकच खूण दाखवतं, ताप. पॅरासिटामॉलने ती खूणच पुसली जाते आणि आत जंतू रक्तात पसरत राहतात. म्हणून केमो चालू असलेल्या माणसाला ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, यासाठी आमची धावपळ असायची.

तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे म्हणूनच तुम्हाला थोडा धीर देता येतो. तुमची शेवटची केमो होऊन तीन महिने झाले. न्यूट्रोफिल बहुतेकांचे महिनाभरात पूर्वपदावर येतात, तुमचेही आले असणार. रेडिएशन संपल्यावरचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तो काढून बघा. पण पांढऱ्या पेशींत दुसरी एक जात आहे, लिम्फोसाइट. विषाणूंशी लढाई मुख्यतः त्यांची. त्या सावकाश भरून येतात. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. म्हणून घरातल्यांची सर्दी आठवड्यात गेली आणि तुमची पंधरा दिवस रेंगाळली, तर घाबरू नका. खोकला तर धडधाकट माणसाचाही तीन आठवडे राहतो.

आता फोनबद्दल. डे-केअरच्या त्या फोनच्या पलीकडे मी वर्षानुवर्षं बसले आहे. नाक गळतंय म्हणून फोन करणाऱ्या कुणाचाही मला कधी राग आला नाही. ज्यांनी फोन केला नाही त्यांच्यासाठी मात्र रात्री जागून काढल्या आहेत. तुम्ही ताप नसतानाही उद्या सकाळी एक फोन करा. केमोची नावं, शेवटच्या केमोची आणि रेडिएशनची तारीख, केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेलं पोर्ट अजून छातीत आहे की काढलं, आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत, वहीतले तापाचे आकडे, हे सगळं एका कागदावर लिहून समोर ठेवा म्हणजे बोलताना गडबड होत नाही. तोच कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि मुलाच्या, सुनेच्या, मिस्टरांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असू दे. पोर्ट असेल तर एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. पोर्ट धुऊन आल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप आला तर ती सर्दी नव्हे, त्याच दिवशी दाखवायचं.

आणि ताप चढलाच, तर मुंबईची गाडी पकडायची नाही. मुंबई तुमच्यापासून एका रात्रीवर आहे आणि ती रात्र वाया जायला नको. सांगली-मिरजेत मोठी रुग्णालयं हाताशी आहेत. तिथे दारातच सांगायचं, ‘कॅन्सरचे उपचार झाले आहेत, ताप आला आहे.’ बाकड्यावर नंबर येण्याची वाट बघत बसायचं नाही. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं तिथूनही होतं.

हे झालं धोक्याचं. आता जरा नाकाकडे येऊ, कारण नाकाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. केमोने डोक्यावरचे केस जातात तसे नाकातलेही जातात. ते बारीक केस नाकातलं पाणी अडवून धरतात. ते नसले की पाणी सरळ ओठावर येतं, वाकून भाजी चिरतानाही टपकतं. दर आठवड्याची केमो घेतलेल्या कितीतरी बायका मला ‘सिस्टर, माझी सर्दी जातच नाही’ म्हणायच्या आणि त्यांना सर्दी नसायचीच. आतली त्वचा कोरडी पडून खपल्या धरतात, शिंकरताना रक्ताचा ठिपका दिसतो. तुम्हाला घसा आणि खोकलाही आहे, नातवाकडून लागणही झाली आहे, म्हणजे ही सर्दी खरीच. पण ती गेल्यावरही नाक थोडं गळत राहिलं तर दचकू नका, केस परत आले की थांबेल. तोवर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा घाला. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं नको. नाक मोकळं करणारा औषधी स्प्रे मात्र तीन-चार दिवसांच्या वर वापरू नका, नंतर नाक त्याच्याशिवाय उघडेनासं होतं.

सासूबाईंच्या काढ्याबद्दल मी सावकाश लिहिणार आहे, कारण त्यात त्यांचा जीव अडकला आहे हे मला कळतं. सून आजारी असताना त्या वयाच्या बाईच्या हातात दुसरं काय असतं? त्यांना चुलीपासून उठवू नका. फक्त पातेल्यात काय पडतं ते बदला. गुळवेल आजपासून बंद. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तेव्हा त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद तज्ज्ञांनी करावा. तुमचं यकृत आधीच सोळा केमो सोसून बसलं आहे आणि हार्मोनची गोळीही त्याच वाटेने जाते, एवढं मला पुरे आहे. ज्येष्ठमधही रोज आणि भरपूर नको, त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, कुणाच्या ओळखीतल्या वैद्याची पुडी, हे सगळं कपाटात बंद राहू दे आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बाहेर येऊ नये.

आलं, तुळशीची चार पानं, चिमूटभर दालचिनी, गवती चहा, रात्री हळद घातलेलं दूध, हे स्वयंपाकघरातल्या मापाने खुशाल घ्या. तोंड आलेलं असेल तर मिरं नको, झोंबतं. आणि सासूबाईंना एक काम सांगा. हुलग्याचं माडगं करायला सांगा. आपल्याकडे सर्दी-पडशाला आणि बाळंतिणीला पिढ्यान्‌पिढ्या तेच देत आले आहेत. गरम, पातळ, घशाला सोसणारं आणि पोटात प्रथिनं नेणारं. त्याने विषाणू मरत नाही, पण दोन घास न जाणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी जातं, आणि आत्ता तुम्हाला त्याचीच गरज आहे. मांसाहार चालत असेल तर मटणाचा अळणी रस्सा. पाणी, ताक, पेज, वरणाचं पाणी मिळून दिवसाला आठ-दहा पेले पोटात जाऊ द्या. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय.

सासूबाई आणखी दोन गोष्टी करणार, मला माहीत आहे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेकणार आणि बाम चोळणार. दोन्ही उजव्या बाजूला नको. रेडिएशन झालेली कातडी वरून बरी दिसली तरी आतून कोवळी असते, पटकन भाजते, बामाने सोलवटते. ओव्याचा वास घ्या, पुरचुंडी रुमालात धरून हुंगा. आणि वाफ घेताना फार जपा. आठवड्याची केमो घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. तुमच्या बोटांना असेल तर उकळत्या पाण्याचं पातेलं तुम्ही उचलायचं नाही, चादर डोक्यावर घेऊन त्यावर वाकायचंही नाही. हाताला चटका कळेपर्यंत मांडी भाजलेली असते. झाकणाचं वाफेचं यंत्र स्वस्तात मिळतं, ते टेबलावर ठेवून घ्या. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून पाच मिनिटं बसलात तरी चालतं. वाफेने सर्दी बरी होत नाही. नाक मोकळं होतं आणि झोप लागते, तेवढ्यासाठीच घ्यायची.

मेडिकलच्या गोळ्यांचं थोडक्यात सांगते. सर्दीच्या एका गोळीत तीन-चार औषधं असतात आणि त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच. ते ताप झाकतं, आणि वर वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली तर दुप्पट होतं. अंग दुखतंय म्हणून गोळी घ्यावीशी वाटली तर आधी ताप मोजा, लिहा, मग डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल घ्या. रक्तदाब असेल तर नाक उघडणाऱ्या गोळ्या टाळा. अँटिबायोटिकची तीन दिवसांची पट्टी दुकानदार न मागता पुढे करेल. सर्दी विषाणूंची, दोनशेहून जास्त प्रकारचे विषाणू ती करतात आणि त्यातल्या एकावरही ती पट्टी चालत नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही. आणि गावातल्या दवाखान्यात ‘एक इंजेक्शन मारतो, उद्या उठून बसाल’ म्हटलं तर नाव विचारा. त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस छान वाटेल आणि प्रतिकारशक्ती आणखी दबेल. काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर उजव्या हाताला सुई नको आणि रक्तदाबाचा पट्टाही नको, हे सांगायला लाजू नका.

खोकल्याबद्दल एक वेगळी सूचना. खोकताना टाके आणि छाती ओढली जात असेल तर लहान उशी छातीशी घट्ट धरून खोका, खूप फरक पडतो. रात्री डोक्याखाली दोन उशा घ्या. पण नाक कोरडं झालं, घसा बरा झाला आणि कोरडा खोकला एकटाच मागे राहून वाढत गेला, जिना चढताना धाप लागायला लागली, तर सर्दीचा शेवट म्हणून सोडून देऊ नका. छातीच्या रेडिएशननंतर काही जणांच्या फुप्फुसाला महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांपर्यंत, सूज येते. त्याचा ताप बारीक असतो आणि खोकला चिवट. त्यावर औषध आहे, फक्त ‘रेडिएशन कधी संपलं’ हे डॉक्टरांना कळायला हवं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात असेल तर नवे सेल घाला. बोटं गार असताना आकडा चुकतो, हात चोळून मग लावा. ९४ च्या खाली दोनदा आला तर फोन. छातीत दुखलं, थुंकीत रक्त आलं, किंवा बरं वाटून दोन दिवस गेले आणि मग अचानक ताप चढला, तरी फोन.

एकदम जोराचा ताप, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, उभं राहवत नाही, असं झालं तर तो फ्लू असू शकतो. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने काय केलं ते आपल्याला आठवतं. फ्लूवर औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. तेव्हा त्याच दिवशी तपासणी, आणि कोविडचीही.

आता त्या अर्ध्या तासाकडे येते.

तुम्ही रडलात याचं तुम्हाला नवल वाटलं, मला नाही वाटलं. उपचार चालू असताना प्रत्येक आठवड्याला एक तारीख होती. कुणीतरी तुमचं वजन करत होतं, शीर शोधत होतं, ‘कालची रात्र कशी गेली’ म्हणून विचारत होतं. ती सगळी माणसं जुलैअखेर एका दिवसात गेली. घरच्यांनी पेढे वाटले असतील. तुम्हाला तेव्हा रडायला वेळच नव्हता, पुढची केमो समोर होती. आता वेळ आहे. आणि वर्षभरापूर्वी ज्या शरीराने न सांगता गाठ वाढवली, त्याच शरीरात मध्यरात्री श्वास अडकला. तेव्हा मनात जे आलं ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, तरी मी ते ओळखते. सर्दी म्हणजे कॅन्सर परत आल्याची खूण नाही, आणि सर्दीने कॅन्सर परत येतही नाही. सर्दीत गळ्याला दुखऱ्या गाठी हाताला लागल्या तर त्या दोन-तीन आठवड्यांत विरतात. न दुखणारी, कडक गाठ त्यानंतरही राहिली तर दाखवा. तोवर दिवसातून दहादा चाचपू नका. मिस्टरांना रात्री उठवून सांगा की भीती वाटते. ते डॉक्टरांना फोन करू म्हणताहेत, म्हणजे तेही जागेच असणार. हे रडणं महिनाभर थांबलं नाही, झोप-भूक उडाली, तर तेही त्याच फोनवर सांगा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत यासाठी समुपदेशक असतात आणि तुम्ही तिथल्याच रुग्ण आहात, तुमचा हक्क आहे.

नातवाच्या बाबतीत मला सुनेशी भांडायचं नाही, ती पोरगी घाबरली आहे. पण जरा विचार करा. सर्दी त्याच्याकडून तुम्हाला झाल्यावर त्याला दूर नेऊन काय साधलं? तुमच्याकडे आहे तो त्याचाच विषाणू. मुलाची सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त पसरते, ते दिवस कधीच गेले. पुढच्या वेळी त्याला शिंका सुरू झाल्या तर तेवढे दिवस वेगळ्या खोलीत झोपवा, तुम्ही मास्क लावा, त्यालाही लावायला शिकवा, पेला-टॉवेल वेगळा ठेवा, त्याचं नाक पुसायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. खिडक्या उघड्या ठेवा. घरात शिरल्या शिरल्या साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, हा नियम त्याला एकट्याला नको, घरातल्या सगळ्यांना लावा आणि त्याला त्याचा मॉनिटर करा. तुम्ही बाई आहात, मॉनिटर केलेलं मूल कसं वागतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

गौरी येऊ द्या. माणसंही येऊ द्या, फक्त एक निरोप आधी पाठवा, सरळ शब्दांत: ‘ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी यंदा घरूनच हात जोडावेत, पुढच्या वर्षी दोन दिवस राहायला या.’ कुणाला राग येणार नाही, आणि आला तर तो गणपतीबरोबर विसर्जित होईल. सोळा भाज्यांचा नैवेद्य यंदा दुसऱ्या कुणाच्या हातचा होऊ दे. तुम्ही खिडकीजवळ खुर्ची टाकून बसा, आरतीच्या गर्दीत मास्क लावा. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी तासभर बसून आत जाऊन पडा. पंचामृतात कच्चं दूध असेल तर ते तुम्ही घेऊ नका, तापवलेल्या दुधाचं वेगळं करून घ्या. ताटात उघडी राहिलेली चिरलेली फळंही नकोत. तोवर ही सर्दी गेलेली असेल. आणि कुणी ‘किती वाळलीस’ म्हणालं तर उठून माडगं प्यायला जा.

शाळेचं मला अवघड वाटतं ते मुलांमुळे नाही. चाळीस मुलांत कुणाचं तरी नाक गळत असणारच, तुम्ही तीस वर्षं त्यात काढली आहेत. मला तुमच्या थकव्याची काळजी वाटते. त्यामुळे हजर होण्याची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा, रक्त तपासून घ्या, आणि फ्लूच्या लशीबद्दल विचारा. सुईने घ्यायची लस मृत विषाणूची असते, तुम्हाला चालते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती नको. लागू पडायला दोन आठवडे लागतात, म्हणून दिवाळीनंतर हजर व्हायचं असेल तर आधीच घ्या, सर्दी-ताप उतरल्यावर. घरातल्या सगळ्यांनीही घ्यावी. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारा. मुख्याध्यापकांना सांगून पहिले दोन महिने हवेशीर खोली मिळते का बघा, आणि टेबलाशी बसून शिकवायला संकोच करू नका.

आज संध्याकाळी ताप मोजून झाला, वहीत लिहिला, की नातवाला फोन लावा. त्याला सांगा की सर्दीचे किडे शाळेतून आले, त्याने आणले नाहीत, आणि आजीला हात धुण्याची आठवण करायला इथे कुणी मॉनिटर नाही. रविवारी त्याला घेऊन यायला सुनेला सांगा.

तुमची,
सिस्टर